तुळस बोलंना, मशीन उठंना

“बघा साहेब, आता दाबतो,” असं म्हणून गुरुजींनी बटण दाबलं. कॅबिनेटच्या मागचा छोटा पंखा हलला. त्यानं अर्धा फेरा मारला आणि थांबला. गाढ झोपेतल्या माणसाला हाक मारावी, त्यानं कूस बदलावी आणि परत घोरायला लागावं, तसं. मॉनिटर काळाच राहिला.

“परत दाबा,” मी म्हणालो.

परत तेच. अर्धा फेरा, की झोप.

“आणल्यापासनं असंच करायलाय,” गुरुजी म्हणाले. “तुमच्या दुकानात कसा टक्क जागा व्हता. इथं टेबलावर ठिवला की उठंनाच.”

टेबलाशेजारी त्यांची मुलगी नंदा उभी होती. तिनं मॉनिटरवरून काढलेल्या भरतकामाच्या रुमालाची उगाच पुन्हा घडी घातली. मधल्या दारात गुरुजींची थोरली बहीण बसली होती. तिला सगळं गाव आक्का म्हणायचं, मीही तेच म्हणायला लागलो.

“मी आदीच म्हणले व्हते,” त्या म्हणाल्या. “ह्या घराला त्ये पसंत न्हाई.”

मी तेव्हा परभणीत एका दुकानात कॉम्प्युटर जोडायचो. जोडायचो म्हणजे, हैदराबादहून सुटे पार्ट यायचे. मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, फ्लॉपी ड्राइव्ह. ते एका पत्र्याच्या डब्यात स्क्रूनं बसवायचे आणि चालू करून गिऱ्हाइकाच्या हवाली करायचे. त्या डब्याला कॅबिनेट म्हणतात. नव्वद सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न अजून लोंबकळत होता, कधी कुठे बंद पुकारला जाईल आणि एसटी जागच्या जागी थांबेल याचा भरवसा नसायचा. परभणीत कॉम्प्युटर बोटांवर मोजण्याइतके होते. तेही बँकेत, नाहीतर एखाद्या जिनिंगच्या ऑफिसात, एसी लावलेल्या खोलीत. माणसं चपला बाहेर काढून आत जायची. घरात ठेवायचा कॉम्प्युटर ही गोष्टच नव्हती. आणि आमच्या दुकानातून बाहेर पडलेला पहिला घरचा कॉम्प्युटर परभणीत नाही, तर झरी गावात, गुरुजींच्या घरी येऊन बसला होता.

गुरुजी झरीच्या हायस्कुलात गणित शिकवायचे. नंदा लहान असतानाच तिची आई गेली. आक्का लग्न करून गेलेल्या, पण थोड्याच दिवसांत माहेरी परत आलेल्या. शेत, घर, भाऊ, भाची, सगळं त्यांच्याच हातावर चाललेलं. नंदा बारावी पास झाली होती आणि तिला औरंगाबादला कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला जायचं होतं. तिनं ठरवलं होतं, गुरुजींनीही ठरवलं होतं. जायच्या आधी पोरीचा घरात हात बसावा म्हणून तर त्यांनी हे मशीन आणलं. पण आक्कांनी अजून हो म्हटलं नव्हतं. आणि त्या घरात आक्कांनी हो म्हटल्याशिवाय पान हलत नसे.

मी डबा उघडला.

आमच्या धंद्यात पहिला संशय रस्त्यावर. दुकानात चालणारं मशीन गावात चाललं नाही, तर वाटेतल्या हादऱ्यांनी काहीतरी सुटलेलं असतं. हे मशीन गोधडीत गुंडाळून जीपनं आलं होतं. मी रॅम काढली, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवलं, परत बसवली. कार्डं उपसून पुन्हा दाबली. मग एसएमपीएस बघितला. घरातल्या दोनशे तीस व्होल्टचे पाच आणि बारा व्होल्ट करून देणारा जो डबा, तो एसएमपीएस. त्याच्यातून दोन कनेक्टर निघतात आणि मदरबोर्डावर शेजारी शेजारी बसतात. दोन्हींच्या काळ्या वायरी मध्ये, एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. चुकलं तर बोर्डातून धूर. इथं काळीला काळी बरोबर होती. मी हार्ड डिस्कची वायर काढली, फ्लॉपीची काढली. अंगावरचं ओझं कमी केलं तर उठेल, म्हणून. बटण दाबलं. पंख्यानं अर्धा फेरा मारला आणि तो थांबला.

मग मीटर काढलं आणि भिंतीतल्या सॉकेटला लावलं. सुई दोनशे तीसवर जाऊन स्थिर उभी राहिली. इतकं छान व्होल्टेज तर आमच्या दुकानातसुद्धा येत नसे.

“लाईन तर फस्क्लास हाय,” मी गुरुजींना म्हणालो. “दोष डब्यातच हाय. मी घेऊन जातो.”

नंदानं गोधडी आणली. डबा गुंडाळताना तिनं मला हळूच विचारलं, “दादा, लौकर आणसाल ना?”

परभणीला दुकानात टेबलावर ठेवला, बटण दाबलं, आणि मशीन एका हाकेत उठलं. संध्याकाळपर्यंत चालू ठेवलं. एकदाही डोळा लागला नाही त्याचा.

आमचे मालक हबीबभाई आधी रेडिओ दुरुस्त करायचे. ते खुर्चीवर मागे रेलून बघत होते. म्हणाले, “अरे भई, मशीन तर मस्त हाय. गावाला जायचं न्हाई म्हणतंय. शहाणं हाय ते.”

“पण हबीबभाई, तिथं उठतच न्हाई.”

“घरात ओल हाय का? मी गुरुजींना पैलेच बोललो होतो. गर्मीला डरू नका, ओलीला डरा. बोर्डाला ओल लागली की खेळ खतम.”

“ओल कुठली? भिंतीला हात लावला तर भाजतो.”

तरी जोखीम नको म्हणून मी एसएमपीएस नवा घातला. मध्ये बंदमुळे गाड्या सुटल्या नाहीत, म्हणून जाणं लांबलं. गाड्या सुरू झाल्यावर मी डबा मांडीवर घेऊन झरीला पोचलो. टेबलावर ठेवला. गुरुजींनी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

अर्धा फेरा.

भर वैशाख होता. झरीची दुपार कशी असते ते दुपारी झरीत थांबलेल्यालाच कळेल. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पत्रे तापून मधूनच टक्क वाजतात. उन्हाचा रंग पांढरा होतो आणि त्या पांढऱ्यात समोरची घरं पाण्यात दिसावीत तशी हलायला लागतात. आढ्याचा पंखा इतका हळू फिरत होता, की त्याची पाती मोजता आली असती. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळेच पंखे तसे फिरतात, त्यामुळे त्यात काही वावगं वाटलं नाही. जेवणं झाली होती. गुरुजी वर्तमानपत्र तोंडावर टाकून पडले. मी ओसरीवर अंग टाकलं. समोरच्या अंगणात तुळशीवृंदावन होतं, आणि त्याच्या मागच्या भिंतीपलीकडे, खिडकीशी, ते झोपलेलं मशीन.

मी जागा होतो की झोपलो होतो, सांगता येणार नाही. त्या अवस्थेत मला वाटत होतं, की मशीन बिघडलेलंच नाही. ते फक्त निजलंय. गाव निजलंय, पंखा निजलाय, तसं तेही. आपण उगाच त्याच्या दातांवर खोडरबर घासतोय. मला ते इतकं पटलं होतं, की मी स्वतःशी हसलोसुद्धा.

तेवढ्यात कुणीतरी कुजबुजलं.

“बोल की गं. किती रुसशील? पाणी घालू देईना झालाय ह्यो. माजा काय दोष हाय त्याच्यात?”

मी डोळे किलकिले केले. आक्का तुळशीशी उभ्या होत्या. उजवा हात खोडाजवळच्या मातीवर टेकलेला. डोळे मिटलेले. बऱ्याच वेळानं त्यांनी हात काढला, पदराला पुसला आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या.

नंदा दाराशी शेंगा फोडत बसली होती. मी तिला विचारलं, “आक्का काय करायल्यात?”

“कौल लावायली आत्या,” ती म्हणाली. “तिला काई बी ठरवायचं आसलं की ती तुळशीला इचारती. हात लावला अन् झिणझिण आली तर हो. न्हाई आली तर न्हाई. जवारी कुठल्या वावरात पेरायची तेसुद्धा तुळस सांगती आमच्यात.”

“अन् आता काय इचारायल्यात?”

नंदानं हातातली शेंग तशीच धरली. “मला औरंगाबादला धाडायचं का न्हाई, ते. रोज इचारती. तुळस बोलंनाच झालीय. तेच्यात हे मशीन बी उठंना. आत्या म्हणती, दोन्ही एकच हाय, घर न्हाई म्हणायलंय.” मग ती शेंगेकडे बघत म्हणाली, “अॅडमिशन ह्याच आठवड्यात बंद होणार हाय, दादा.”

मी विजेच्या धंद्यातला माणूस. झिणझिण हा शब्द ऐकून माझी झोप हळूहळू उतरायला लागली. मी उठून बसलो. मग आत गेलो. आक्का चुलीशी बसल्या होत्या.

“आक्का, तुळशीची झिणझिण कवापासनं बंद झाली?”

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मी थट्टा करायलोय का, हे बघत असाव्यात. मग म्हणाल्या, “ह्यानं पाणी तोडलं तवापासनं. मशीनला ओल लागती म्हणं. तुळशीच्या मागंच तुमची मशीनची भिंत. मी रोज कळशीभर घालत व्हते, तर म्हणला, पळीभर घाल. वैशाखात पळीभर! तू ऱ्हाशील का रे बाबा पळीभर पाण्यावर?”

“न्हाई ऱ्हाणार. अन् आदी रोज यायची का झिणझिण?”

“रोज कशाला येईल? तिच्या मनात आसलं तर. सकाळच्या पारी कंदी यायची, कंदी न्हाई. दिवेलागणीला मात्र हटकून.”

दिवेलागणीला हटकून. मी तसाच अनवाणी अंगणात गेलो आणि चटके बसायला लागले तसा चपला घालायला परत आलो. वृंदावनाच्या मागच्या बाजूला, भिंतीला लागून, मळानं भिंतीच्याच रंगाची झालेली एक तार खाली उतरत होती. घरातल्या मीटर-बोर्डाकडून येत होती आणि तुळशीच्या मातीत शिरत होती.

मी गुरुजींना हलवून उठवलं. “गुरुजी, ही तार कसली?”

“ती व्हय? ती न्यूटलची,” गुरुजी डोळे चोळत म्हणाले. “मागं एका वावटळीत खांबावरनं येणारी तार तुटली. एक खाजगी वायरमन आणला. त्यो म्हणला, खांबावर कोण चढंल, परतीची तार सळईला बांधून जमिनीत देतो. कायम ओल ऱ्हाईल आशी जागा दावा. म्हणलं, आमच्यात कायम ओल म्हंजी तुळस. तवापासनं चाललंय ब्येस.”

हे थोडं समजावून सांगतो. घरात खांबावरून दोन तारा येतात. एकीनं वीज येते, तिला आम्ही फेज किंवा जिवंत तार म्हणतो. दुसरीनं ती परत जाते, ती न्यूट्रल. आमच्याकडे सगळे न्यूटलच म्हणतात. परतीची तार नसेल तर वीज जमिनीतून परत जाऊ शकते, पण जमीन ओली पाहिजे. गुरुजींच्या घराची सगळी वीज, वावटळ झाली तेव्हापासून, दिव्यातून आणि पंख्यातून फिरून तुळशीच्या मुळाशी उतरत होती. माती ओली होती तोवर रस्ता रुंद होता. गुरुजींनी मशीनच्या काळजीनं पाणी तोडलं, आणि आमची काळी माती वाळली की आकसते, भेगाळते. तिनं सळईची पकड सोडली. रस्त्याची पायवाट झाली. पायवाटेनं एखादा दिवा जाईल, रडतखडत पंखा जाईल. कॉम्प्युटर जाणार नाही. आणि वाळलेल्या वरच्या मातीतून आक्कांच्या हातापर्यंत तर काहीच येत नव्हतं, म्हणून तुळस मुकी. मशीनला ओल लागू नये म्हणून इतकं जपलं, की ओलीअभावीच ते उठत नव्हतं.

आणि माझं मीटर? मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज घेत नाही. त्याला पायवाटही पुरते. म्हणून ते मला दोनशे तीस दाखवत होतं. मी सॉकेटला शंभर वॉटचा बल्ब लावला आणि तो लागलेला असताना पुन्हा मोजलं. बल्बची तार निखाऱ्याएवढी लाल झाली आणि मीटरची सुई शंभराच्या खाली जाऊन बसली.

“म्हंजी पाणी घातलं तर मशीन उठंल?” गुरुजींची झोप आता पूर्ण उडाली होती.

“उठंल. पण गुरुजी, तसं चालवायचं न्हाई. खात्री करून घिऊ अन् लगेच बंद करू. अन् कुणी तुळशीजवळ जायचं न्हाई.”

मी आधी मीटर-बोर्डावरचा फ्यूज काढला. मग गुरुजी आणि नंदा बादल्या घेऊन आले. आक्कांना कुणी काही सांगितलं नव्हतं. पण तुळशीला पाणी घालायलेत म्हटल्यावर त्या कळशी घेऊन धावतच आल्या. माती पाणी पीत होती आणि पिताना बारीक आवाज करत होती. भेगा मिटत गेल्या. ओल्या मातीचा वास त्या तापलेल्या अंगणात असा पसरला, की आम्ही सगळे थोडा वेळ नुसते उभे राहिलो. आक्कांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

“आता सगळे आत चला,” मी म्हणालो. आम्ही आत आलो. मी फ्यूज बसवला आणि खुर्चीशी गेलो. नंदाला म्हणालो, “तू दाब.”

तिनं दाबलं. पंख्यानं अर्धा फेरा मारला, मग पूर्ण, मग त्याची पाती दिसेनाशी झाली. डब्यातून एक ‘पीं’ आवाज आला. काळ्या पडद्यावर खालून वर धुकं यावं तसा उजेड आला आणि मेमरी मोजणारे हिरवे आकडे भराभर वाढायला लागले. गुरुजी तोंडातल्या तोंडात ते आकडे म्हणत होते. नंदा म्हणत नव्हती. तिचे डोळे भरून आले होते. मलाही ते दृश्य तसंच चालू राहावं असं वाटत होतं.

मग माझं लक्ष खिडकीबाहेर गेलं.

आक्का आत आल्याच नव्हत्या. त्या तुळशीशी, चिखलात, अनवाणी उभ्या होत्या. हात कोपरापर्यंत ओले. डोळे मिटलेले. ओठ हलत होते, आणि शब्द मला स्पष्ट ऐकू आले. “नंदीला धाडू का गं?” उजवा हात मातीकडे निघाला होता.

ओरडलो असतो तर दचकून त्या तुळशीवरच पडल्या असत्या. मी बोर्डाकडे उडी मारली आणि फ्यूज उपसला. पडद्यावरचे आकडे एका ठिपक्यात गोळा झाले आणि विझले. पंखा घुमत घुमत थांबला. बाहेर आक्कांचा हात मातीवर टेकला होता.

आक्कांनी बराच वेळ वाट पाहिली. तळवा उचलून पुन्हा टेकवला. मग डोळे उघडले.

“न्हाई म्हणली,” त्या म्हणाल्या.

गुरुजींना काही कळलं नव्हतं. ते मशीन बंद कशानं पडलं म्हणून डबा थोपटत होते. नंदाला सगळं कळलं होतं. ती माझ्या अगदी जवळ आली आणि कुजबुजली, “दादा, फ्यूज लावा की. फकस्त एक डाव. तिचा हात हाय तवर.”

मी फ्यूज मुठीत धरून उभा होतो. खोटं कशाला बोलू, मला लावावासा वाटला. एक चिनी मातीचा तुकडा खाचेत सरकवायचा आणि पोरगी औरंगाबादला. पण आधी या मातीत एखाद्या दिव्याची वीज उतरायची, तेव्हा झिणझिण व्हायची. आता अख्ख्या मशीनची उतरली असती, तीही चिखलात उभ्या असलेल्या ओल्या हाताच्या बाईच्या अंगातून.

“नंदा,” मी म्हणालो, “आता लावला तर झिणझिण येणार न्हाई. जीव जाईल तिचा.”

नंदा दोन पावलं मागे सरली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

तेव्हा मला सांगण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. फ्यूज खिशात घालून मी अंगणात गेलो आणि आक्कांसमोर दगडावर बसलो. मशीन दुरुस्त करणं सोपं. मला हे काम येत नव्हतं. मी जिवंत तार म्हणालो, परतीची तार म्हणालो, वायरमनचं सांगितलं, मातीत शिरणारी तार दाखवली.

आक्का म्हणाल्या, “म्हंजी मी लाईटीला इचारत व्हते?”

“व्हय, आक्का.”

“अन् घरात दिवा-पंखा काई चालू नसला म्हंजी न्हाई?”

“व्हय.”

“मग हिरीची जागा? ती म्हणली व्हती इथंच खांदा.”

“तवा म्या आत रेडूवर बातम्या लावून बसलो व्हतो,” गुरुजी दारातून म्हणाले. त्यांना आता सगळं कळलं होतं आणि हसू आवरत नव्हतं.

“पाणी तर लागलं न्हवं तिथं?”

“लागलं की. चिक्कार लागलं.”

“अन् नंदीचं मानवतचं स्थळ? न्हाई म्हणली व्हती ती.”

“त्या दिशी गावातच लाईन नव्हती, आक्का!”

“बरं झालं नव्हती,” नंदा आतून म्हणाली, आणि गुरुजी खो-खो हसले. मीही हसलो. आक्का हसल्या नाहीत.

“म्हंजी इतके दिस माज्यासंगं कुणीच बोलत नव्हतं,” त्या म्हणाल्या.

त्या बाईला दुसरं कोण होतं विचारायला? भाऊ पुस्तकात. घरचं सगळं एकटीनं ठरवायचं आणि चुकलं तर दोष एकटीचाच. तुळस हो म्हणते म्हटलं की ओझं दोघींत वाटलं जायचं. तो आधार मी एका दुपारी काढून घेतला. दुसरा इलाज नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं, पण वाईट वाटायचं ते वाटलंच.

दुसऱ्या दिवशी सरकारी लाईनमन आला. गुरुजींनी त्याला मोटारसायकलवर बसवूनच आणला. तो खांबावर चढला, तुटलेली तार नव्यानं ओढली आणि खाली उतरून चहा प्यायला. मी वृंदावनाकडे जाणारी तार कापली. सळई हलवून हलवून, मुळं न दुखावता, बाहेर काढली. गंजून बोटाएवढी उरली होती. मग नंदानं बटण दाबलं आणि मशीन पहिल्या हाकेला उठलं. आढ्याचा पंखाही एकदम असा जोरात फिरायला लागला, की गुरुजींचं वर्तमानपत्र उडून दाराबाहेर गेलं.

आक्कांनी त्याकडे बघितलं नाही. त्यांनी कळशी भरली. सगळी तुळशीला घातली, अगदी सावकाश, कडेकडेनं. मग हात टेकला आणि डोळे मिटले. आम्ही तिघं खिडकीतून बघत होतो. मागे मशीन चालू होतं, त्याचा आवाज येत होता. ऊन चढत होतं. आक्का खूप वेळ तशाच उभ्या होत्या.

त्या पदराला हात पुसत आत आल्या आणि नंदासमोर उभ्या राहिल्या.

“ती काई बोलली न्हाई,” त्या म्हणाल्या.

“आत्या, आगं आता ती...”

“ऐक आदी. ती काई बोलली न्हाई. आता बोलायचं तर मलाच बोलावं लागंल. मला इचारशील तर मला तू हितंच पायजेस. ह्या दारात, माज्या डोळ्याम्होरं.” त्यांनी नंदाच्या कपाळावरचे केस मागे सारले. “तरी बी जाय.”

नंदा त्याच आठवड्यात गुरुजींबरोबर औरंगाबादला गेली. तिला अॅडमिशन मिळाली.

परभणीला येऊन मी हबीबभाईंना सगळं सांगितलं. ते खुर्चीवर मागे रेलले आणि म्हणाले, “म्हंजे ओल पायजे होती तर!” तेव्हापासून दुकानात एक रीत पडली. नवं मशीन कुणाच्या घरी उठलं नाही, तर डबा उघडायच्या आधी सॉकेटला शंभरचा बल्ब लावायचा आणि तो लागलेला असताना व्होल्टेज मोजायचं. भार नसलेल्या तारेवर मीटर नेहमी हो म्हणतं.